दर दुसरा पट्टा

धाकटी जाऊ घरात आली त्याच वर्षी थोरलीला पित्ताचा त्रास सुरू झाला. डॉक्टर काहीही म्हणोत, या दोन गोष्टींचा संबंध आहे याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तशी धाकटी वाईट नव्हती, आणि तेच तर खरं दुखणं होतं. वाईट असती तर थोरलीने तिला केव्हाच सरळ केलं असतं. पण ही बाई कशावर म्हणून चिडत नसे. मशीनची सुई तुटली की म्हणे, "बरं झालं, बोथटच झाली होती." गिऱ्हाईक ऐन वेळी रंग बदलायला सांगे, तर म्हणे, "बरं झालं, अजून कापलं नव्हतं." एकदा पांढऱ्याशुभ्र जाळीच्या पडद्यावर तिच्याच हातून चहा सांडला. तेव्हाही ती डागाकडे बघत जराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, कडेलाच सांडला. तेवढं आत दुमडता येईल." आणि खरंच दुमडलं. वर ते गिऱ्हाईक म्हणालं, कड काय छान जाड केलीय हो! तेव्हापासून थोरलीचा नवरा तिला 'बरंझालं' याच नावाने हाक मारू लागला. "बरंझालं, जरा टेप दे गं." थोरलीला इतक्या वर्षांत त्याने एकही टोपणनाव दिलं नव्हतं. निदान तोंडावर तरी नाही.

घराचा धंदा पडदे शिवण्याचा. खालच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. एकीत कापणी, दुसरीत मशीनं, तिसरीत इस्त्री, कड्या आणि सगळ्यांचा चहा. थोरलीचा नवरा मापं घेई आणि तयार पडदे गिऱ्हाइकाकडे जाऊन लावी. धाकटा दीर दुसरीकडे नोकरीला होता. पडद्यांशी त्याचा संबंध झोपताना ओढण्यापुरता. बाकी सगळा कारभार सासूबाईंचा. त्या कापत, आणि कापणारी बाई म्हणजे घराची मालकीण, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक दारातून आलं की आधी टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला नमस्कार करी, मग बाकीच्यांकडे बघून हसे. थोरली नवी नवरी असताना त्याच टेबलाखालच्या चिंध्या गोळा करायची. तेव्हापासून ती त्या टेबलावर डोळा ठेवून होती.

आता सासूबाईंचे हात थरथरू लागले होते आणि नजरही धूसर झाली होती, म्हणून काही महिने कापणी थोरली करत होती. "तात्पुरती," सासूबाई म्हणाल्या होत्या. तो एक शब्द थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. आणि मग नव्या नाट्यगृहाच्या मोठ्या पडद्याचं काम आलं. लाल मखमल, तीही अशी की बघतच राहावं. सासूबाईंनी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, "हा पडदा एकदा उभा राहू दे. मग टेबल कायमचं कुणाकडे ते सांगते."

कुणाकडे? थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. 'कुणाकडे' विचारायला दुसरं होतंच कोण? मग तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी सासूबाईंच्या बशीतला सांडलेला चहा हसत हसत पुसत होती.

त्या दिवसापासून तिचं लक्ष कामात कमी आणि धाकटीत जास्त. सासूबाई सुईत दोरा ओवायला कुणाला हाक मारतात? धाकटीला. दुपारी पाय चेपताना कुणाशी गप्पा मारतात? धाकटीशी. थोरलीने पाय चेपले तर म्हणत, "पुरे गं, हाडं आहेत ती." रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "तिला काही कळतं का कापण्यातलं? नुसतं गोड बोलून सगळ्यांना गुंडाळून ठेवलंय." नवरा म्हणाला, "तूही बोलून बघ की गोड." ती पाठ फिरवून झोपली. म्हणजे झोपली नाही, नुसती पाठ फिरवली.

कापणीच्या दिवशी थोरलीने सकाळीच ठरवलं की आज असं काम करून दाखवायचं, की सासूबाईंनी दुपारच्या चहालाच निकाल द्यावा. मखमल कापणं म्हणजे साधं काम नव्हे. मखमलीला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागतं, उलट फिरवला तर हाताला अडतं. लव वर जात असेल तर रंग गडद दिसतो, खाली येत असेल तर फिका. म्हणून या घरात एक रीत होती. प्रत्येक पट्टा एकाच दिशेने पसरायचा, कापण्याआधी डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचा, आणि लव जिकडे जाते तिकडे तोंड करून मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा. एक पट्टा झाला की तागा उचलून पुन्हा टेबलाच्या सुरुवातीला न्यायचा. तागा जड, फेऱ्या पुष्कळ, पाठ मोडून जाई.

पहिला पट्टा थोरलीने तसाच कापला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आधी सासूबाईंचा, मग धाकटीचा, मग पुन्हा सासूबाईंचा. सासूबाईंना हसताना थोरलीने फार कमी वेळा ऐकलं होतं. काय बोलत असतील? कुणाबद्दल बोलत असतील? आपल्याबद्दलच, दुसरं काय! तिचा जीव त्या दारात आणि हात कापडावर. तागा परत न्यायला गेलं की दारापासून लांब जावं लागे, आणि मग शब्द ऐकू येत नसत. मग तिच्याही नकळत तिने सुती कापडाला करतात तसंच केलं, त्यात फेऱ्या निम्म्याच. तागा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथूनच कापड दुमडून परत आणायचं, पुन्हा दुमडायचं, पुन्हा न्यायचं. शेवटी दोन्ही टोकांच्या घड्या कापल्या की पट्ट्यांचा ढीग तयार. सुती कापडाला लव नसते, तिथे हे चालतं. मखमलीला केलं, तर दर दुसरा पट्टा उलटा होतो.

मग तिने अख्ख्या ढिगावर भराभर बाण काढले, सगळे एकाच दिशेला, सुरेख. तळवा फिरवायला ती विसरली. दुपारच्या आत काम संपलेलं पाहून नवरा म्हणाला, "अरे वा!" थोरलीला तेवढंच हवं होतं.

जोडण्याचं काम धाकटीकडे होतं. तिने सगळे पट्टे बाण बघून जोडले. मशीनच्या खोलीत पडद्याचा नुसता ढिगारा होता. उभा करून बघायला तेवढी उंच भिंत घरात नव्हती. धाकटी एकदोनदा उठून कापणीच्या खोलीच्या दाराशी आली आणि काही न बोलता परत गेली. "काय गं?" थोरली खेकसली. "काही नाही, दोरा संपलाय का बघत होते," धाकटी म्हणाली. दोरा तर तिच्याच मशीनवर होता. थोरलीला वाटलं, आली असेल आपल्यावर नजर ठेवायला.

नाट्यगृहाचा पहिला कार्यक्रम दोन दिवसांनी संध्याकाळी होता. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी नवरा आणि दोघी जावा अशी तिघं पडदा घेऊन गेली. नवऱ्याने मदतीला दोन माणसं घेऊन पडदा वर चढवला, आणि व्यवस्थापकाने मोठ्या कौतुकाने रंगमंचावरचे सगळे दिवे लावले.

एक पट्टा गडद, एक फिका, परत एक गडद, परत एक फिका. तो भव्य लाल पडदा एखाद्या राक्षसाने वाळत घातलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासारखा दिसत होता.

आता खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी थोरलीला आनंद झाला. मनातून नुसत्या उकळ्या फुटल्या. जोडणी कुणाची? धाकटीची! बाण काढून दिलेले असतानाही हिने पट्टे उलटे जोडले! आता बघू कसं म्हणते बरं झालं! तिने व्यवस्थापकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "हे जोडणीचं काम माझं नव्हे बरं. हिने जोडलंय." आणि तिने धाकटीकडे पाहिलं. हा चेहरा उतरण्याची ती आज किती वर्षं वाट बघत होती!

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो उतरला नाही. ती व्यवस्थापकाला म्हणाली, "साहेब, बरं झालं आजच लावून बघितला. हेच उद्या प्रेक्षकांसमोर दिसलं असतं तर? कापड शाबूत आहे, नुसते पट्टे फिरवायचेत. उसवून पुन्हा जोडू. उद्या दुपारपर्यंत मिळेल." व्यवस्थापक ओरडण्यासाठी तोंड उघडून उभा होता, त्याने ते मिटलं. "तुमच्या धाकट्या बहिणीचं डोकं भलतंच शांत आहे," तो थोरलीला म्हणाला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडदा खाली उतरवून रंगमंचावर उलटा पसरला, तेव्हा ती तरातरा पुढे गेली. चूक शोधून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरायची होती ना! पाठीमागचे बाण दिसू लागले. सगळे एकाच दिशेला. सगळे तिच्याच खडूचे, तिच्याच हातचे. धाकटीने एकही बाण चुकवला नव्हता. थोरली गुडघ्यांवर बसली आणि तिने एका फिक्या पट्ट्याखाली हात घालून लव चाचपली. बाण वर म्हणत होता, लव खाली जात होती. तिला टेबल आठवलं, दुमडलेलं कापड आठवलं, पलीकडचं हसू आठवलं. तोंडात मारल्यासारखी ती तशीच बसून राहिली.

नवऱ्याने तोवर घरी जाऊन मशीन आणि सासूबाईंना आणलं होतं. सासूबाई काठी टेकत रंगमंचावर आल्या, खाली बसल्या, दोन पट्ट्यांवरून तळवा फिरवला. मग मान वर न करता विचारलं, "कुणी कापलं?"

धाकटीने तोंड उघडलं. ती काय म्हणणार हे थोरलीला बरोबर कळलं. काहीतरी मऊ, काहीतरी सांभाळून घेणारं, 'आई, माझ्याही लक्षात यायला हवं होतं' असलं काहीतरी. आणि मग आयुष्यभर हिच्या उपकाराखाली राहायचं? ते थोरलीला फाशीपेक्षा भयंकर वाटलं. "मी कापलं," ती धाकटीच्या आधी ओरडली. "दुमडून कापलं. हात फिरवला नाही. जोडणीत काही चूक नाही." मोठेपणाने वगैरे नाही, निव्वळ मत्सराने माणूस इतकं खरं बोलू शकतो, हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

सासूबाई "बरं" एवढंच म्हणाल्या आणि ब्लेड घेऊन शिवण उसवायला बसल्या.

तो दिवसभर तिघी उसवत राहिल्या. सासूबाई थकून पहिल्या रांगेतल्या खुर्चीत पेंगू लागल्या आणि रंगमंचावर दोघी जावा समोरासमोर उरल्या, मध्ये लाल मखमल. थोरलीला राहवेना. "तुला राग येत नाही का गं कधीच? मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकललं. आणि तू आपली बरं झालं!"

"आला की," धाकटी म्हणाली. "आत्तासुद्धा आहे." ती दोरा ओढत राहिली. "वहिनी, माझ्या माहेरी ना, काहीही बिघडलं की बाबा ताट भिरकावायचे. मग मी लहान असताना, काही सांडलं की ते ओरडायच्या आधीच मीच घाईघाईने म्हणायचे, बरं झालं. कशाबद्दल बरं ते मलाही माहीत नसायचं. म्हटल्यावर मग शोधावं लागायचं. शोधता शोधता सापडायला लागलं. आता नुसत्या भीतीनं नाही म्हणत. खरंच काहीतरी असतं, बघितलं तर."

"आणि आज काय सापडलं?" थोरलीने फणकाऱ्याने विचारलं.

"आज तुम्ही कबूल केलंत ते." तिने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "वहिनी, मला जोडतानाच कळलं होतं. मशीनखाली कापड एकदा सरकायचं, एकदा अडायचं. दोनदा तुमच्या दाराशी आले विचारायला."

थोरलीच्या हातातलं ब्लेड थांबलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'काय गं' म्हणालात."

थोरलीला राग यायला हवा होता. रागाची तर तिच्याकडे कधी कमी नव्हती. पण आला नाही. त्याऐवजी काहीतरी फार वाईट वाटलं, आणि ते कुणावर ढकलावं हे कळेना. ती पुन्हा उसवू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा पुन्हा वर गेला, आणि दिवे लागले तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा गडद लाल होता. व्यवस्थापकाने टाळ्या वाजवल्या. थोरलीच्या जीवात जीव आला, पण घरी परतताना तिला ठाऊक होतं की पडदा उभा राहिलाय, आता निकाल.

सासूबाईंनी फार ताणलं नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "टेबल धाकटीकडे."

"आई, मी एकदा चुकले!" थोरलीचा आवाज चिरकला. "इतक्या वर्षांत एकदा! तिला तर नीट कापताही येत नाही."

"येत नाही हे खरंय. तुझ्याइतकं तिला कधीच येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "चुकली म्हणून नाही गं. मीसुद्धा चुकलेय, हॉटेलचे पडदे वीतभर आखूड कापले होते. पण तेव्हा तूच पळत आली होतीस, 'आई, माप बघा' म्हणून. आठवतं? तुला नाही ना वाटली माझी भीती? परवा मी दारातून बघितलं. दुमडतेस असं वाटलं. नजर माझी ही अशी. म्हटलं विचारावं. मग तुझा चेहरा बघितला आणि परत फिरले, सासू असून."

नवरा कपात बघत म्हणाला, "मीही भाजीत मीठ नसलं तरी गप्प जेवतो." एरवी थोरलीने त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. आज ती उठून आत गेली आणि उशीत तोंड खुपसून रडली. संध्याकाळी कुणी तिला हाक मारायला आलं नाही. त्याचंही कारण तिला आता माहीत होतं.

ती मशीनच्या खोलीत बसू लागली. कापणीच्या खोलीचं दार समोरच, म्हणजे दिवसभर धाकटी डोळ्यांसमोर. गिऱ्हाईक आलं की धाकटीला नमस्कार करी आणि मग थोरलीकडे बघून हसे. ते हसू तिला बोचे. मत्सर काही गेला नव्हता. असा जातो थोडाच. रोज सकाळी मशीनवर बसताना तिच्या मनात यायचं, आज चुकू दे. फार मोठं नको, सासूबाईंना दिसेल इतपत.

आणि एक दिवस फोटो स्टुडिओच्या पडद्यासाठी हिरवी मखमल आली. धाकटीची ही पहिलीच मखमल. तिने तागा पसरला, डोळे मिटून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला, बाण काढला, आणि मग कात्री हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. थोरली शिवता शिवता सगळं बघत होती. "वहिनी," धाकटीने हाक मारली, "जरा येता? मला खात्री वाटत नाहीये."

थोरली उठून गेली. कापडावर तळवा ठेवताच तिला कळलं की बाण उलटा आहे. तिचा हात तसाच राहिला. पलीकडच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. 'बरोबर आहे, काप,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर होता, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. लव कुणाच्या हाताला कशी लागली याला साक्षीदार नसतो. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी कात्री धरून तिच्या तोंडाकडे बघत होती. घाबरली होती हे दिसत होतं, आणि घाबरूनही तिने विचारलं होतं. थोरलीला जे त्या दिवशी सुचलं नाही, ते.

"उलटा आहे!" थोरली कडाडली. "आंधळी आहेस का? नुसत्या बोटांनी काय चाचपतेस, अख्खा तळवा टेक की! आणि कापडाची सुरकुती आधी काढ, सुरकुतीत लव फसवते. सरक तिकडे. दे तुझा हात इकडे. हं. आता कळलं?"

"कळलं," धाकटी म्हणाली. तिचा हात थोरलीच्या हाताखाली होता, आणि तिने तो काढून घेतला नाही.

"काय गं, काय झालं?" पलीकडून सासूबाईंनी विचारलं. "कसला आरडाओरडा?"

"काही नाही, आई," थोरली तशाच चढ्या आवाजात म्हणाली. "कापतोय आम्ही."